गजकर्णाची ट्यूब लावण्याआधी उलटी करून वाचा

वर्षावास सुरू झाला की वस्तीत दोन गोष्टी दिसतात. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात, आणि घरोघर कुणी ना कुणी जांघेत, काखेत, कमरेला खाजवत असते. पहिल्या गोष्टीची सूचना फळ्यावर लागते. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण जागा अवघड असते आणि लाज वाटते. मग उपचारही गुपचूप होतो. अंधार पडल्यावर मेडिकलवर जायचे, हळू आवाजात "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचे आणि देतील ती घेऊन यायची.

पुढे काय होते ते अनेक घरांना ठाऊक आहे. घरधनी गवंडीकामावर जातो. दिवसभर घाम, अंगावर तीच जाड पँट. आषाढात पट्ट्याखाली रुपयाएवढे वर्तुळ उठते. ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, चार दिवसांत लाली जाते. "भारी औषध आहे" म्हणून ट्यूब फळीवर जाते. पंधरा दिवसांनी तेच वर्तुळ तळहाताएवढे होऊन परत येते. पुन्हा तीच ट्यूब. तोवर बायकोच्या पोटावर, थोरल्या मुलीच्या मानेवर आणि शेवटी तान्ह्याच्या ढुंगणावरही चट्टे आलेले असतात. त्यांनाही तीच ट्यूब. दिवाळीपर्यंत ट्यूबमागून ट्यूब संपते, खाज कुणाचीच जात नाही, आणि घरधन्याच्या मांडीवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे लांब पट्टे उठलेले असतात. गजकर्ण योग्य उपचाराने बरे होते. हे पट्टे मात्र पुढे फिके झाले तरी जन्मभर राहतात.

असे का होते? वस्तीतली माणसे अस्वच्छ राहतात म्हणून नव्हे, आणि गजकर्णावर औषध नाही म्हणूनही नव्हे. पुष्कळदा कारण त्या ट्यूबमध्येच असते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड मिसळलेले असते.

गजकर्ण म्हणजे काय?

गजकर्ण, नायटा, दाद ही एकाच आजाराची नावे. तो बुरशीमुळे होतो. शिळ्या भाकरीवर, ओलसर भिंतीवर बुरशी चढते तशीच एक सूक्ष्म बुरशी आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात वाढते. त्या थरात केराटिन नावाचे प्रथिन असते, तेच तिचे अन्न. घाम, उष्णता आणि ओले कपडे मिळाले की ती पसरते. चट्टा गोल असतो, त्याची कड लाल व उंचावलेली असते, तर मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो. सतत ओल्यात काम करणाऱ्यांच्या, दिवसभर गमबूट घालणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या आणि छाती-पाठीवर उठणारे पांढुरके किंवा तपकिरी शिबे हेही बुरशीचेच प्रकार.

बुरशी शिरल्यावर शरीर तिच्याशी झगडते. लाली आणि खाज ही त्या झगड्याची खूण आहे. स्टिरॉइड नेमका हा झगडा थांबवते. त्यामुळे खाज दोन दिवसांत जाते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात घरात चोर शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधावे तसा हा प्रकार. घर शांत होते आणि चोराला रान मोकळे मिळते. ट्यूब थांबली की खाज दुप्पट जोराने परत येते. तोवर चट्ट्याची गोल कड पुसून गेलेली असते, त्यामुळे डॉक्टरांनाही हे गजकर्ण आहे हे लवकर ओळखता येत नाही. वैद्यकात याला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण.

स्टिरॉइडने कातडीचे काय होते?

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. पण बुरशीवर, स्वतःच्या मनाने, महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते आणि खालच्या लाल शिरा दिसू लागतात. जांघेत, काखेत, स्तनांखाली कातडी मुळातच नाजूक असते आणि घडीमुळे औषध जास्त मुरते, म्हणून तिथे लांब पट्टे लवकर पडतात. चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव येते, चेहरा लाल होतो, उन्हात आग होते. डोळ्यांभोवती फार दिवस लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

लहान बाळाला धोका सगळ्यात जास्त. त्याची कातडी पातळ असते आणि लंगोट किंवा डायपरखाली औषध भराभर मुरते. क्लोबेटासॉलसारखे जोरदार स्टिरॉइड रोज लावत राहिले तर ते रक्तात उतरून बाळाच्या शरीराची स्वतःची संप्रेरके दडपू शकते, वाढ खुंटू शकते. बाळाच्या ढुंगणावरची लाली हे घरातल्या मोठ्यांची ट्यूब लावण्याचे ठिकाण नव्हे. बाळाला डॉक्टरांना दाखवा.

हीच ट्यूब काही मुली "गोरेपणा येतो" म्हणून तोंडाला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो, कारण स्टिरॉइडमुळे रंग फिका पडतो. सोडली की चेहरा लाल होतो, पुटकुळ्या येतात, आणि मुलगी घाबरून पुन्हा लावते. या चक्रातून बाहेर पडायला कित्येक महिने लागतात. आपल्या मुलीच्या तोंडाला काय लागते आहे, हे आईने एकदा पाहावे.

ट्यूब कशी वाचायची?

ट्यूबवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते. ते सोडून द्या. बारीक अक्षरात, बहुधा इंग्रजीत, आत कोणकोणती औषधे आहेत ते लिहिलेले असते. ते वाचायचे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या.

साध्या बुरशीच्या मलमात एकच औषध असते. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन यांपैकी एक.

स्टिरॉइडची नावे वेगळी असतात. बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन. यांच्या शेवटी 'सोन' येते, इंग्रजीत एस-ओ-एन-ई. ते सोने नव्हे, हे घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवावे. काही नावे या खुणेत बसत नाहीत, ती वेगळी लक्षात ठेवायची. उदाहरणार्थ, क्लोबेटासॉल आणि फ्लुओसिनोलोन. त्यातले क्लोबेटासॉल सगळ्यात जोरदार गटातले.

फसगत कुठे होते? एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधे असतात. एक बुरशीचे, एक-दोन जंतूंवरची आणि एक स्टिरॉइड. पहिले नाव ओळखीचे निघाले म्हणून थांबू नका, शेवटच्या नावापर्यंत वाचा. "चार औषधे आहेत, म्हणजे चौपट गुण" असे नसते. साध्या गजकर्णाला जंतूंवरच्या औषधाचीही गरज नसते. निओमायसिनसारख्या औषधाने काहींना उलट ॲलर्जी होते.

आणखी एक खूण पाहा. वेष्टनावर 'शेड्यूल एच' असे लिहिले असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. अंगावर लावायच्या मलमांना पूर्वी या नियमातून सूट मिळत असे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची ही सूट काढून घेतली. म्हणजे चिठ्ठीशिवाय असे मलम काउंटरवरून देणे नियमात बसत नाही. तरीही ते मिळते, म्हणून वाचण्याचे काम आपल्याला करावे लागते.

मेडिकलवर "खाजेची ट्यूब द्या" असे म्हणू नका. "स्टिरॉइड नसलेले, नुसते क्लोट्रिमॅझोलचे मलम द्या" असे स्पष्ट नाव घेऊन मागा आणि पैसे देण्याआधी ट्यूब उलटी करून पाहा. हा आपला हक्क आहे. त्यात दुकानदाराचा अपमान नाही.

साध्या मलमाचाही त्रास होऊ शकतो

नुसते बुरशीचे मलम बहुतेकांना सोसते. लावल्यावर थोडे चुणचुणणे, किंचित लाली, कोरडेपणा येऊ शकतो. तो बहुधा आपोआप कमी होतो. पण जिथे मलम लावले तिथेच फोड आले, सूज आली, पाणी सुटले किंवा आधीपेक्षा जास्त आग होऊ लागली तर ती ॲलर्जी असू शकते. मलम थांबवा, साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर वेळ न घालवता रुग्णालयात जा.

याशिवाय काही गोष्टी ध्यानात ठेवा.

डोळ्यांत, तोंडात आणि उघड्या जखमेवर ही मलमे लावायची नाहीत.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. स्तनावर मलम लावलेले असेल तर ते बाळाच्या तोंडात जाते.

अंगावरून पांढरे जाऊन खाज येते तेव्हा आत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम मिळते. यांतल्या काही औषधांनी निरोधचे रबर कमजोर होते, त्या दिवसांत निरोधवर विसंबून राहू नये. अशी खाज पहिल्यांदाच आली असेल तर आधी तपासून घ्या.

हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर मायकोनॅझोल, विशेषतः त्याची तोंडात लावायची जेल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. दोन्हीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"लावल्यावर आग झाली म्हणजे औषध जहाल, म्हणजे गुणकारी" हा समज सोडून द्या. कातडी सोलणारे सॅलिसिलिक ॲसिड असलेले लोशन जांघेत लावले की कातडी भाजते. वाटलेला लसूण बांधणे, रॉकेल चोळणे, बॅटरीचे ॲसिड लावणे यांनीही भाजून जखमा होतात, आणि त्या जखमांत जंतू शिरतात.

लावायची रीत

जागा साबणाने हलक्या हाताने धुवा. कोरड्या कपड्याने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या कातडीवर मलम चोपडून उपयोग नाही. मलम चट्ट्यावर लावाच, पण चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावा. बुरशी डोळ्याला दिसते त्यापेक्षा पुढे सरकलेली असते. थर पातळ असावा. नंतर हात साबणाने धुवा.

किती लावायचे? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढे मलम बसते ते सुमारे अर्धा ग्रॅम असते. दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढे पुरते. 10 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये असे 20 वेळा मलम निघते. दिवसातून दोनदा लावले तर ट्यूब 10 दिवस चालेल. एवढ्या मोठ्या चट्ट्याला महिन्याला तीन ट्यूबा लागतील, हा हिशेब आधीच करून ठेवा. ट्यूब संपली म्हणून उपचार अर्धवट टाकला तर आधीचे पैसेही वाया जातात.

क्लोट्रिमॅझोल साधारण दिवसातून दोनदा लावतात, ल्युलिकोनॅझोल एकदा. वेष्टनावरची सूचना पाहा. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे लावत राहा. एकूण निदान चार आठवडे धरून चाला. साध्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबत नाही, हळूहळू कमी होते. हा त्याचा दोष समजू नका. नेटाने दोन आठवडे लावूनही काहीच फरक पडला नाही, तर ट्यूब बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

भारतात गेल्या काही वर्षांत 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' नावाची चिवट बुरशी पसरली आहे आणि इतर देशांतही ती पोहोचली आहे. टर्बिनाफिनसारखे औषध तिच्यातल्या काही बुरशींना दाद देत नाही. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांच्या बेसुमार वापराने तिला हातभार लागला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. म्हणून "शेजारणीला लागू पडले तेच मला द्या" हे आता चालत नाही.

घर एकत्र बरे करायचे

दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, एक दोरी आणि दोन टॉवेल. अशा घरात एकट्याने मलम लावून भागत नाही. ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवा, नाहीतर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

टॉवेल, साबण, आतले कपडे, पांघरूण प्रत्येकाचे वेगळे ठेवा. आजारी माणसाचे कपडे वेगळ्या बादलीत, हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. पावसात ऊन नसते, तेव्हा कपड्याच्या कमरेच्या पट्टीवर आणि जांघेच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. दमट कपडे अंगावर वाळवू नका. घट्ट जीन्स आणि नायलॉनच्या लेगिंगऐवजी सैल सुती कपडे घाला. कमरेला करदोटा असेल तर काढून टाका. तो कायम ओला राहतो आणि त्याच्याखाली बुरशी टिकते. गमबूट रात्री उलटे टांगून वाळवा.

दवाखाना केव्हा गाठायचा?

चट्टा डोक्यात किंवा नखात असेल तर मलम पुरत नाही, पोटातून औषध लागते. ते डॉक्टरच ठरवतात, कारण या गोळ्यांनी काहींच्या यकृतावर परिणाम होतो आणि काही गोळ्या इतर औषधांशी जुळत नाहीत. लहान बाळ, गरोदर बाई, मधुमेहाचा रुग्ण, खूप पसरलेले चट्टे, पू किंवा ताप असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. वारंवार बुरशी होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या येतात आणि घरातले सगळे खाजवतात, तर ती खरूज असू शकते. तिचे औषध वेगळे आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. चट्टा खाजत नाही, पण तिथे टोचलेले किंवा गरम-गार कळत नाही, तर त्यावर कोणतेही मलम लावू नका. ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि लवकर सुरू केले तर हातापायांचे नुकसान टळते. लपवण्यात मात्र नुकसान आहे.

सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे चट्ट्याची थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुखत नाही, आणि बुरशी आहे की नाही ते कळते. बायांनी लाजू नये. "बाई डॉक्टर आहेत का" असे विचारावे, सोबत नर्सला थांबायला सांगावे.

आधीच स्टिरॉइडची ट्यूब वापरली असेल तर

घाबरू नका आणि स्वतःला दोषही देऊ नका. ट्यूब फेकण्याआधी ती घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने लावली ते खरे सांगा. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढेल. हे ठाऊक असले म्हणजे माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळत नाही. चेहऱ्यावर बराच काळ लावली असेल तर ती कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील.

कोणत्याही औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्याची सोय आहे. भारत सरकारचा औषध-सतर्कता कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. त्याचा मोफत दूरध्वनी क्रमांक 1800-180-3024. त्यावर रुग्णाला स्वतः तक्रार नोंदवता येते.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या फळीवरच्या, पर्समधल्या, उशाखालच्या सगळ्या ट्यूबा एकत्र काढा. शाळेत जाणाऱ्या लेकीला त्यांवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला सांगा. 'सोन' किंवा क्लोबेटासॉल ऐकू आले की ती ट्यूब बाजूला ठेवा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या पौर्णिमेला विहारात बसाल तेव्हा शेजारच्या बाईलाही हे सांगा. तिच्या घरातही कुणीतरी गुपचूप खाजवत असेल.